तुम्ही विचारलंत म्हणून: हवाईला येतोय, समुद्रात उतरू ना?

हा प्रश्न मला साधारण ऑक्टोबरपासून यायला लागतो. ख्रिसमसच्या सुट्टीत कॅलिफोर्निया, सिएटल, टेक्सासकडची आपली मंडळी ओआहूला, म्हणजे हवाईच्या ज्या बेटावर होनोलुलू आहे तिथे, यायचं ठरवतात, कोणाची तरी आतेबहीण नाहीतर नवऱ्याच्या कॉलेजातला कोणीतरी ओळखीचा निघतोच, आणि मग हॉटेल, भाड्याची गाडी, व्हेज कुठे मिळेल हे सगळं विचारून झालं की फोन ठेवता ठेवता येतं, "बाकी समुद्र सेफ आहे ना गं? पोरं ऐकणार नाहीत, उतरायला हरकत नाही ना?" मी होनोलुलूत राहते आणि माहेर रत्नागिरीचं, त्यामुळे लोकांना वाटतं हिला दोन्हीकडचं पाणी माहिती असणार. आहेच, आणि म्हणूनच मी हो किंवा नाही असं एका शब्दात सांगत नाही, उलट विचारते की कुठल्या महिन्यात आणि बेटाच्या कुठल्या बाजूला?

त्यावर बहुतेक जण जरा वैतागतात. साधा प्रश्न विचारला तर ही भूगोल काढून बसली.

पण सगळं त्यातच आहे हो. आपल्याकडे समुद्र खवळतो तो सांगून खवळतो. मृगाचे ढग येतात, वारा सुटतो, होड्या वर ओढून झापांनी शाकारून ठेवतात, जून-जुलै मासेमारीच बंद, आणि नारळी पौर्णिमेला नारळ दिल्याशिवाय जुनी माणसं होडी पाण्यात घालत नाहीत. मग डिसेंबरात तोच समुद्र कसा मवाळ असतो, गुडघाभर लाटा, पोरं तासन्‌तास पाण्यात. त्यामुळे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की ऊन आहे, वारा नाही, म्हणजे समुद्र शांत. इथे हाच हिशोब फसतो. डिसेंबर-जानेवारीत ओआहूच्या नॉर्थ शोअरला, म्हणजे उत्तर किनाऱ्याला, आकाश निळंशार, झाडाचं पान हलत नाही, आणि समोर दुमजली घराएवढी लाट उभी राहते, कारण ती लाट इथल्या हवेने केलेलीच नसते. ती केलेली असते हजारो किलोमीटर लांब, उत्तर पॅसिफिकमध्ये, अलास्काच्या बाजूच्या वादळांनी, आणि इथे पोचायला तिला दोन-तीन दिवस लागलेले असतात. तेवढ्या प्रवासात बारकी-सारकी लाट विरून जाते आणि उरतो तो लांब अंतराचा स्वेल, म्हणजे दूरच्या वादळातून आलेली लांब, जोरकस लाट, एका लाटेनंतर दुसरी यायला पंधरा-पंधरा, कधी अठरा सेकंद. त्यात ही बेटं म्हणजे समुद्राच्या तळातून वर आलेल्या ज्वालामुखींचे माथे. मुंबईसमोर उथळ तळ जवळपास ३०० किलोमीटर आत जातो, लाटेचा बराच जोर त्या उथळ तळावरच खर्च होतो. इथे काही मैलांवरच तळ शेकडो-हजारो मीटर खाली गेलेला, त्यामुळे स्वेल आहे त्या ताकदीने येतो आणि शेवटच्या खडकावर नाहीतर वाळूवर एकदम फुटतो.

दुसरा हमखास प्रश्न म्हणजे "भरती कधी आहे?" कोकणातला माणूस हे विचारणारच, कारण मुंबई-रायगडकडे मोठ्या भरतीला पाणी चार-पाच मीटर चढतं आणि तिकडे माणसं अडकतात ती बरेचदा त्यामुळेच. इथली भरती जेमतेम मीटरभर, बहुतेक दिवशी तेवढीही नाही. भरतीचं वेळापत्रक बघून आज ओहोटी आहे म्हणजे ठीक आहे असं ठरवलंत तर चुकीच्या पुस्तकातला धडा वाचल्यासारखं होईल. बघायचा तो सर्फ फोरकास्ट, म्हणजे लाटांच्या उंचीचा अंदाज. होनोलुलूचं हवामान खातं उत्तर, पश्चिम, दक्षिण, पूर्व अशा प्रत्येक किनाऱ्याचा वेगळा आकडा देतं, आणि एकाच दिवशी उत्तरेला २० फूट आणि दक्षिणेला २ फूट हे अगदी नेहमीचं आहे. उन्हाळ्यात गणित उलटं होतं. दक्षिण गोलार्धात तेव्हा हिवाळा, तिकडची वादळं दक्षिण किनाऱ्याला लाटा पाठवतात, आणि नॉर्थ शोअर गपगार पडून असतो. तिथलीच वायमिया बे ही खाडी जुलैत बघाल तर पोरं खडकावरून उड्या मारतायत, आज्ज्या मानेपर्यंत पाण्यात उभ्या राहून गप्पा मारतायत. त्याच खाडीत हिवाळ्यात 'एडी' ही मोठ्या लाटांवरच्या सर्फिंगची स्पर्धा होते, एडी ऐकाऊ या वायमियाच्या लाइफगार्डच्या नावाने, जो १९७८ मध्ये होकुलेआ ही पारंपरिक होडी उलटल्यावर मदत आणायला म्हणून सर्फबोर्डवर निघाला तो परत आलाच नाही. ४० फुटांच्या लाटा असल्याशिवाय ती स्पर्धा होतच नाही, मधे कितीतरी वर्षं कोरडी जातात. जानेवारी २०२३ मध्ये झाली तेव्हा जिंकला तो ल्यूक शेपर्डसन, त्याच बीचवर त्या दिवशी ड्युटीवर असलेला लाइफगार्ड, ब्रेक घेऊन लाटांवर गेला आणि परत येऊन टॉवरवर बसला. तर तिथे पाण्यात असणारी माणसं ही आहेत. आपण वर बसून बघायचं, मस्त दिसतं.

आकड्यांची अजून एक गंमत, म्हणजे गंमत नाहीच. इथले जुने सर्फर लाट मोजतात ती मागच्या बाजूने, तोंडाच्या, म्हणजे समोरून दिसणाऱ्या उंचीच्या, साधारण निम्मी. त्यामुळे पार्किंगमध्ये कोणी सहज म्हणालं की आज चारच फूट आहे, तर तुमच्या समोर उभी राहणारी लाट आठ फुटांची असू शकते. सरकारी फोरकास्टमध्ये मात्र लाटेच्या तोंडाची पूर्ण उंची देतात. उत्तर किनाऱ्याला १५ फुटांना अॅडव्हायझरी म्हणजे सावधगिरीची सूचना, २५ ला वॉर्निंग म्हणजे धोक्याचा इशारा, पण म्हणून १० फूट म्हणजे आपल्यासाठी हिरवा कंदील असं अजिबात समजू नका, ८ फुटांतही माणूस उलटापालटा होतो.

आमच्याकडे एका डिसेंबरात माझ्या नणंदेचे सासू-सासरे आले होते. काका मूळचे मालवणचे, दांडीच्या किनाऱ्यावर वाढलेले. वायमियाला गाडीतून उतरले ते थेट पाण्याकडेच निघाले, फोटो काढायला, समुद्राकडे पाठ करून. मी म्हटलं, "काका, जरा इथे वर बसू, थर्मासमधला चहा घेऊ, मग जाऊ." "अगं मला काय समुद्र शिकवतेस तू," असं म्हणत बसले बिचारे. दहा-बारा मिनिटं काहीच नाही, लहान लहान लाटा, लोक खाली जातायत, एका कुटुंबाने चांगल्या कोरड्या वाळूवर टॉवेल अंथरले, चपला, पोरांची बॅग. लाउडस्पीकरवर लाइफगार्ड सारखा सांगत होता की ओल्या वाळूवर उभं राहू नका, पण कोण ऐकतंय. मग सेट आला, म्हणजे मोठ्या लाटांची एकामागोमाग रांग. पहिली लाट नेहमीपेक्षा वर आली, दुसरी अजून, आणि तिसरी तो सगळा उतार चढून टॉवेलांच्याही मागे गेली आणि परत फिरताना बॅग, चपला सगळं घेऊन गेली. एक बाई कमरेएवढ्या पाण्यात बसकण मारून घसरत चाललेली, दोघांनी हाताला धरून ओढली म्हणून. काकांचा कप हातातच. म्हणाले, "ह्या भरतीचा पाणी न्हय गो."

लाटा अशा सेट करून येतात आणि मधे मोठी खंड पडते, त्या खंडात आलेला माणूस तेवढंच बघतो आणि उतरतो. म्हणून माझा एकमेव कडक नियम, पाण्यात जायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं नुसतं बसून बघायचं. पोरं कुरकुरतात, कुरकुरू देत, त्यांना सँडविच द्या. बसल्या बसल्या वाळू कुठपर्यंत ओली आहे तेही बघा. खडकांचंही तेच, हालोना ब्लोहोलसारख्या ठिकाणी काळ्या खडकावर पुढे पुढे जाऊन सेल्फी काढतात, खडक ओला दिसतोय म्हणजे तिथवर लाट येऊन गेलीये आणि परत येणार आहे, एवढा साधा विचार त्या वेळी कोणाला सुचत नाही.

सँडी बीचबद्दल वेगळं सांगते कारण तो होनोलुलूपासून जवळ आहे, दिसायला सुंदर, ओबामा तिथे बॉडीसर्फिंग करायचे हे सगळ्यांना माहीत असतं, आणि लाटाही वायमियासारख्या भीतीदायक नसतात. पण तिथला किनारा एकदम उतरता, त्यामुळे लाट थेट काठावर, घोटाभर पाण्यावर फुटते. याला शोअरब्रेक म्हणतात. तिथे भीती नुसती बुडण्याची नाही, लाट माणसाला उचलते आणि डोक्यावर वाळूत आपटते. मानेच्या, मणक्याच्या दुखापतींसाठी तो बीच बदनाम आहे, आणि चांगलं पोहता येणं तिथे काही कामाला येत नाही. अशा ठिकाणी गुडघाभर पाण्यात काठाकडे तोंड करून उभं राहणं सगळ्यात वाईट. लाट अंगावर येतच असेल तर श्वास घेऊन तिच्या खालून जायचं, डोकं पुढे करून सूर कधी मारायचा नाही, आणि बाहेर येताना मागे बघत बघत, मधे कुठेही न रेंगाळता.

रिप करंटचं, म्हणजे काठावरून समुद्रात बाहेर नेणाऱ्या प्रवाहाचं, बहुतेकांना ऐकून माहीत असतं पण उलटं माहीत असतं. लाटांनी काठावर आणलेलं पाणी कुठून तरी परत जाणारच, ते खडकांमधल्या किंवा वाळूतल्या खोलगट वाटेने जातं, आणि त्या वाटेवर लाट फुटत नाही. म्हणजे सगळीकडे पांढरा फेस आणि मधेच एक गडद, शांत पट्टा दिसला की आपली मंडळी नेमकी म्हणतात, चला इथे बरं आहे. तिथेच पाण्याला ओढ असते. ती खाली खेचत नाही, बाहेर नेते, आणि जोरात असली तर ऑलिंपिकवाल्यालाही तिच्याविरुद्ध पोहून येता येत नाही. मग करायचं काय, तर झगडायचं नाही. पाठीवर तरंगायचं, हात वर करून हलवायचा, दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याबाहेर पडायचं आणि फेस दिसतोय तिथून आत यायचं. सोसायटीच्या पूलमध्ये चाळीस लॅप मारणाऱ्यांना हे ऐकायला आवडत नाही कारण त्यात पोहण्यापेक्षा थांबणंच जास्त आहे.

आणि कोणी अडकलेलं दिसलं तर मागोमाग उडी मारू नका. बायको अडकली म्हणून नवरा गेला, पोरगा अडकला म्हणून बाप गेला, अशी वाचवायला गेलेली माणसंच जातात. लाइफगार्डला हाक मारा, नाहीतर ९११ या आणीबाणीच्या नंबरला फोन करा, आणि तरंगणारं काही असेल ते फेका, बूगी बोर्ड, कूलरसुद्धा चालतो. म्हणून मुळात लाइफगार्डचा टॉवर असलेल्याच बीचवर जा, आणि गेल्या गेल्या त्याला विचारा की आज कुठे उतरू. आपल्याला विचारायची लाज वाटते, आपण अडाणी दिसू असं वाटतं. ती पोरं अगदी आनंदाने सांगतात, तुम्हाला ओढून काढण्यापेक्षा त्यांना ते सोपं.

उतरूच नका असं मी म्हणत नाहीये हं, मी स्वतः आठवड्यातून एकदा तरी जाते. आई-बाबा बरोबर असतील तर आला मोआना पार्कला न्या, पुढे रीफ, म्हणजे पाण्याखालची प्रवाळाची रांग, असल्यामुळे आतलं पाणी बहुतेक वेळा शांत असतं. लहान पोरं असतील तर को ओलिनाचे लगून, माणसाने बांधलेले, दगडांच्या आड. स्नॉर्कलिंग दोघादोघांनीच करा, कारण तोंड पाण्यात घालून मजेत तरंगणारा आणि त्रासात असलेला माणूस लांबून सारखाच दिसतो. जेलीफिश दक्षिणेकडे पौर्णिमेनंतर आठ ते दहा दिवसांनी येतात, म्हणजे साधारण वद्य अष्टमी ते दशमी, तेव्हा कालनिर्णय घेऊन या. आणि हनाउमा बे, स्नॉर्कलिंगसाठी सगळ्यांना जायचं असतं ती खाडी, सोमवार-मंगळवार बंद असते, बाकीच्या दिवशीही आधी बुकिंग लागतं, हे दर वर्षी सांगते आणि दर वर्षी कोणीतरी मंगळवारी सकाळी गेटवरून फोन करतंच.