वजन बरोबर भरलं, म्हणून घेतलं!

"काटा बघ, २७ ग्रॅमच्या वर. अस्सलच आहे!"

आठ रेआलचं जुनं स्पॅनिश चांदीचं नाणं पुढे सरकवत मित्र आज म्हणाला. म्हणे, १६२२ मध्ये फ्लोरिडाजवळ बुडालेल्या 'आतोचा' या स्पॅनिश जहाजातलं. ते 'अस्सलच' काही डोक्यातून जाईना.

टांकसाळीतून निघताना वजन साधारण २७.४ ग्रॅम असायचं, हे खरं. पण खाऱ्या पाण्यात साडेतीन शतकं पडलेल्या चांदीचा वरचा थर काळा सल्फाइड होतो आणि साफ करताना त्यातला बराचसा गळून पडतो. ढिगाच्या मधोमध दबलेली नाणी वाचतात, नाही असं नाही. पण खाल्लेलं, हलकं नाणंही अस्सल असू शकतं, आणि नेमकं तेच लोक 'कमी भरतंय' म्हणून परत करतात.

काट्याआधी कड बघावी. ही नाणी हातोड्याने ठोकलेली. वजन जमवायला कोपरे कातरलेले, ठोक्याने कडेला चिरा गेलेल्या. मित्राच्या नाण्याला चीर एकही नाही. उलट कडेने एक बारीक रेघ सगळीकडून फिरलेली, साच्याच्या दोन भागांची सांध. भिंगाखाली नाण्यावरच्या क्रुसाच्या आजूबाजूला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे, म्हणजे ओतकामातले बुडबुडे.

प्रमाणपत्र होतं की! फक्त त्यावरच्या फोटोतल्या नाण्याचा आकारच वेगळा. हाताने पाडलेली दोन नाणी हुबेहूब सारखी निघत नाहीत, त्यामुळे ही अदलाबदल अर्ध्या मिनिटात कळते.

पैसे मोजण्याआधी तो फोटो नाण्याशेजारी धरून कुणी बघतं का हो?