तापमान-नोंदयंत्राची प्रगती: सेल आपोआप किती उतरतो?

माझ्या तापमान-नोंदयंत्राच्या सर्किटचा स्लीप मोडमधला, म्हणजे काम नसताना झोपलेल्या अवस्थेतला, प्रवाह आता २ मायक्रोअँपिअरवर आला आहे, त्यामुळे यापुढे सर्किटपेक्षा सेलकडेच अधिक लक्ष द्यावे लागेल. मी एए आकाराचा लिथियम-थायोनिल क्लोराइड सेल वापरत आहे. त्याची क्षमता २४०० मिलीअँपिअर-तास धरली आणि तो वर्षाला १ टक्का आपोआप उतरतो असे मानले, तर २४ मिलीअँपिअर-तास आतल्या आत संपतात. याला वर्षातील ८७६० तासांनी भागले की सुमारे २.७ मायक्रोअँपिअर येतात, म्हणजे झोपलेल्या सर्किटपेक्षा सेलची स्वतःची गळतीच जास्त भरते.

ही गळती इतकी कमी राहते ती लिथियमवर धरणाऱ्या लिथियम क्लोराइडच्या पातळ थरामुळे. हा थर पुढची अभिक्रिया रोखतो, आणि म्हणूनच असे सेल दहा वर्षांहून अधिक काळ टिकतात. पण सेल बराच काळ, त्यातही उष्ण जागी, पडून राहिला तर थर जाड होतो आणि एकदम मोठा प्रवाह मागितल्यावर व्होल्टेज काही काळ कोसळते. माझ्याकडच्या जुन्या सेलने मल्टिमीटरवर ३.६६ व्होल्ट दाखवले, परंतु ३३० ओहमचा रेझिस्टर जोडताच आकडा ३ व्होल्टच्या खाली गेला आणि मग हळूहळू वर चढला. लोड (प्रवाह ओढणारा भाग, इथे रेझिस्टर) न जोडता घेतलेल्या मापावर विसंबून सेलची पारख करू नये, असे माझे ठाम मत आहे.

यंत्रातल्या रेडिओला क्षणभर लागणाऱ्या मोठ्या प्रवाहासाठी सेलला समांतर कपॅसिटर (थोडा वीजभार साठवणारा घटक) जोडायचा आहे, मात्र त्याचीही गळती असते. ती मोजण्यासाठी कपॅसिटरच्या मालिकेत १०० किलोओहमचा रेझिस्टर ठेवून त्याच्या दोन टोकांमधले व्होल्टेज पाहतो; ०.१ व्होल्ट म्हणजे १ मायक्रोअँपिअर. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची गळती जोडल्यानंतर कित्येक तास कमी होत राहते, तेव्हा पहिला आकडा ग्राह्य धरू नये.

सेलमधला लिथियम क्लोराइडचा थर जाड होऊ नये म्हणून रोज एक सेकंद १० मिलीअँपिअरचा लोड देण्याची सोय आता प्रोग्राममध्ये करत आहे. त्याचा वार्षिक खर्च जेमतेम १ मिलीअँपिअर-तास होतो, आणि गळतीत जाणाऱ्या २४ मिलीअँपिअर-तासांच्या तुलनेत तो मला सहज परवडतो.