तुम्ही विचारलंत म्हणून: स्ट्रोब ट्यूनर (सरकत्या पट्ट्यांवरून तार सुरात आहे का ते दाखवणारं यंत्र) घ्यावा का?

गिटार किंवा बेस वाजवणारं कुणी भेटलं की थोड्या वेळात हा प्रश्न येतोच. मी उलट विचारतो, ब्रिजवरच्या सॅडलचे, म्हणजे तार जिथे टेकते त्या छोट्या आधाराचे, स्क्रू स्वतः फिरवता का? 'नाही' म्हणालात, तर साधा घ्या. बॉसचं टीयू-3 पेडल 1 सेंटपर्यंत अचूक आहे, म्हणजे सेमिटोनचा (लगतच्या दोन सुरांमधल्या अंतराचा) शंभरावा भाग. शेजारी ड्रम वाजत असताना एवढा फरक ओळखणारा श्रोता मला अजून भेटलेला नाही.

स्क्रू फिरवत असाल तर मात्र घ्याच. कॉन कंपनीचा स्ट्रोबोकॉन हा जुना स्ट्रोब ट्यूनर 1936 सालचा, चांगला पेटाऱ्याएवढा. आत ठरावीक वेगाने फिरणारी पट्ट्यांची चकती आणि मागे तारेच्या कंपनाबरोबर लुकलुकणारा दिवा. दोन्हींचा मेळ बसला की पट्टे जागच्या जागी थांबल्यासारखे दिसतात. तार चढी असली तर उजवीकडे, उतरलेली असली तर डावीकडे सरकतात. आज पीटरसनचा क्लिपवाला ट्यूनरही 0.1 सेंटची अचूकता देतो.

ती लागते कुठे? इंटोनेशनला, म्हणजे तार दाबून वाजवलेले सूरही खरे लागावेत म्हणून सॅडल जुळवण्याला. बाराव्या फ्रेटवरचा (गळ्यावरच्या बाराव्या धातूच्या पट्टीवरचा) हार्मोनिक, म्हणजे तार न दाबता नुसती स्पर्शून काढलेला सूर, आधी सुरात लावायचा, मग तिथेच तार दाबून वाजवायची. दाबलेला सूर चढा आला तर सॅडल मागे, उतरला तर पुढे. काट्याच्या ट्यूनरवर दोन्ही वेळा हिरवा दिवा लागतो आणि आपण खूश होतो; स्ट्रोबवर पट्टे हळूच सरकताना दिसतात. फक्त तारा नव्या हव्यात. मी एकदा अख्खी दुपार सॅडल पुढे-मागे करत बसलो होतो. दोष गंजलेल्या तारेचा निघाला.

बेसवाल्यांनी थोडा धीर धरावा. खालची ई तार सेकंदाला 41.2 वेळा कंप पावते. तिथे 1 सेंटची चूक म्हणजे जेमतेम 0.024 हर्ट्झ, त्यामुळे मूळ सुराचा पट्टा एक घर सरकायला 42 सेकंद घेतो! तेवढा वेळ तार वाजत कुठे राहते? म्हणून वरच्या सप्तकाच्या पट्ट्याकडे बघावं, तो दुप्पट वेगाने सरकतो. आणि तार जोरात छेडू नये. पहिल्या झटक्याला ती चढीच बोलते.

खरेदी करताना एवढंच बघा: 'स्ट्रोब मोड' लिहिलंय म्हणून भुलू नका. काही स्वस्त यंत्रं नेहमीसारखंच मोजतात आणि वर पट्ट्यांचं चित्र तेवढं फिरवतात. अचूकतेचा आकडा वाचा, तो लिहिलेलाच नसेल तर ठेवून द्या.

एक गोष्ट मात्र कुठलाच ट्यूनर आपणहून सोडवत नाही. तंबोऱ्याच्या खर्जात ऐकू येणारा गंधार गिटारच्या फ्रेटवरच्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट खाली असतो. सगळ्या तारांचे पट्टे गोठवून ठेवा, तंबोरा ईमध्ये लावा आणि ई मेजर कॉर्ड वाजवा: तिसऱ्या तारेवरचा जी शार्प, म्हणजे ईचा गंधार, कानाला टोचतो. अशा वेळी मी ट्यूनर काढून ठेवतो आणि ती तार कानानेच जराशी उतरवतो.