वीतभर रेती, चार बोटं गाळ

2019 च्या ऑगस्टमध्ये मार्कंडेय नदीचं पाणी कंग्राळीच्या शिवारात शिरलं. मी गणपतीसाठी माहेरी पोहोचले तोवर पाणी ओसरलं होतं, पण काठाकडचं भात कुजून गेलं होतं. दादाचा चेहरा बघून, सुट्टीत ऑफिसचं कामही आणलंय हे मी बोललेच नाही. पिशवीत लॅपटॉप होता आणि गुंडाळी केलेला सेस्मिक सेक्शनचा, म्हणजे समुद्रतळाखालच्या थरांच्या उभ्या छेदाच्या चित्राचा, एक लांबलचक प्रिंट. गणपतीनंतर लगेच बैठक होती. खोल समुद्रात तेलासाठी विहीर कुठे खोदायची याचा आमच्या गटाचा प्रस्ताव तिथे जायचा होता.

आमचं काम असं असतं. जहाज पाण्यात दाबाखालच्या हवेचे बार काढत पुढे जातं आणि मागे काही किलोमीटर लांबीची केबल ओढतं. आवाज समुद्रतळाखालच्या थरांवर आपटून परत येतो, तो केबलमधले हायड्रोफोन, म्हणजे पाण्यातले मायक्रोफोन, टिपतात. त्यातून तयार होणाऱ्या चित्रात खोली मीटरमध्ये नसते, आवाजाला जाऊन परत यायला लागलेल्या वेळात असते. थर कुठे जाड होतात, कुठे पातळ होतात, कशावर टेकून संपतात, ते बघून तिथे एकेकाळी किनारा होता, उतार होता की खोल समुद्र, हे ओळखायचं.

आमचा सेक्शन कृष्णा-गोदावरीच्या मुखांसमोरच्या समुद्रातला. त्यात शेजारी शेजारी दोन उंचवटे होते आणि मधे खळगा. सहा महिन्यांपूर्वी मीच त्या उंचवट्यांवर निळी रेघ ओढून ‘रीफ’ असं लिहिलं होतं. प्रवाळांनी रचलेली चुनखडी म्हटली की तेलवाल्यांचे कान टवकारतात. मुंबई हायचं 1974 साली सापडलेलं तेलसुद्धा चुनखडीतलंच आहे. माझ्या त्या रेघेवर, आमच्या भाषेत ‘पिक’वर, पुढची सगळी गणितं उभी राहिली आणि विहिरीची जागा उंचवट्याच्या माथ्यावर ठरत आली.

एक गोष्ट मात्र मला पहिल्यापासून खटकत होती. चुनखडीतून आवाज झपाट्यानं जातो. त्यामुळे तिच्याखालच्या थरांचा प्रतिध्वनी लवकर परत येतो आणि चित्रात ते थर वर ओढल्यासारखे दिसतात. इथे उंचवट्यांखालचे थर दोरी लावल्यासारखे सरळ होते. ‘चुनखडी फार जाड नसेल’ असं म्हणून मी ते सोडून दिलं होतं. असं सोडून द्यायला नको होतं.

रात्री जेवणं झाल्यावर मी माजघरात प्रिंट पसरला. भाच्याच्या कंपासपेटीतली पट्टी घेतली. उंचवट्यांच्या वरच्या अंगाला, जमिनीच्या बाजूला, तिरपे थर एकापुढे एक सरकत गेलेले दिसतात. त्यांना क्लिनोफॉर्म म्हणतात. नद्यांनी आणलेला गाळ शेल्फच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाच्या, कडेवरून खोल पाण्यात ढकलला गेला की असे थर बसतात. यातल्या एका थराची रेघ मी बोटानं खाली आणली. ती उतार संपवून सपाट झाली आणि थेट उंचवट्याच्या बुडाखालून गेली. म्हणजे उंचवटा त्या थराच्या नंतरचा. तो तयार होत होता तेव्हा शेल्फची कड वर होती आणि हा उताराच्या पायथ्याशी बसला होता.

मग त्या तिरप्या थराची उंची मोजली, कारण पायथ्याशी निदान तेवढं तरी पाणी असणार. थराच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत पट्टीवर 12 सेंटिमीटर भरले. या प्रिंटवर 2 सेंटिमीटर म्हणजे 100 मिलिसेकंद, तेव्हा एकूण 600. या गाळात आवाजाचा वेग सेकंदाला 2400 मीटर धरला आणि जाणं-येणं म्हणून निम्मं केलं, तर 720 मीटर. शिवाय गाळ पुरला गेल्यावर दबतो, म्हणजे मूळ उंची याहून जास्तच. सूर्यप्रकाशावर जगणारे प्रवाळ साधारण पहिल्या पन्नासेक मीटर पाण्यात रीफ बांधतात. खोल, थंड अंधारातही काही प्रवाळ वाढतात, पण आमच्या प्रस्तावातला रीफ उथळ पाण्यातल्या छिद्राळ चुनखडीचा होता. सातशे मीटर पाण्याखाली तो कुठून येणार?

त्याच पट्टीनं उंचवट्याचा उतारही काढला. स्क्रीनवर आम्ही सेक्शन आडवा दाबून बघतो, त्यामुळे साधी चढणसुद्धा कड्यासारखी दिसते. खरी मापं होती 120 मीटर उंची आणि ती उतरायला चार किलोमीटर. दोन अंशांपेक्षाही कमी. रीफच्या बाजू इतक्या लोळलेल्या नसतात.

रीफ नाही, एवढं रात्री बारा वाजता कळलं. मग आहे काय, ते कळेना. झोप नीट लागली नाही.

सकाळी दादा म्हणाला, “तलाठी येणार हाय पंचनाम्याला. कुठं किती गाळ बसलाय ते आधी मोजून ठेवूया. तू लिहून घे.” फॉर्म कन्नडमधला होता, तो शेजारच्या वकिलांच्या मुलानं आधीच वाचून दाखवला होता. आम्ही कुदळ, काठी आणि तीच पट्टी घेऊन निघालो.

नदीकाठच्या वाफ्यात दादानं कुदळीनं उभा काप घेतला. खाली काळी माती, तिच्यावर भाताच्या आडव्या पडलेल्या काड्या, आणि त्यांच्यावर वीतभर रेती. चिमटीत घेतली तर करकर वाजत होती, मधे शिंपल्यांचे तुकडे. चाळीस पावलं आत गेलो. तिथे चार बोटं, आणि रेती नव्हे, पोयटा. त्याच्यापुढे दोन बोटं. शिवाराच्या पार टोकाच्या बांधाशी नुसती साय, उन्हानं तडकून पापडासारखी वळलेली. मी वहीत आकडे लिहीत होते. दादा मागं वळून नदीकडे बघत म्हणाला, “काठ वर आलाय बघ. आत सखल आणि काठाला चढ, असं झालंय.”

मी वहीतल्या आकड्यांकडे बघितलं. काठाला जाड, आत पातळ. पलीकडच्या काठालाही नदीनं हेच केलं असणार. मधे पात्र, दोन्ही बाजूंना चढ.

असे काठ कॉलेजात शिकले होते, परीक्षेत चित्रही काढलं होतं. समुद्राखालीही हेच घडतं. गाळानं जड झालेलं पाणी उतारावरून तळाशी धावत जातं, स्वतःचं पात्र कोरतं आणि भरून वाहिलं की दोन्ही काठांवर सांडतं. जाड कण पात्रात नाहीतर काठाशीच पडतात, बारीक चिखल लांब जातो. या काठांना लेव्ही म्हणतात. माहीत असूनही सेक्शनवर मी त्या दिशेनं बघितलंच नव्हतं, कारण ‘रीफ’ हा शब्द आधीच लिहून ठेवला होता.

दादाची मापं पूर्ण करून दिली आणि धावतच घरी आले. प्रिंटवर आता उंचवट्यांच्या पोटातल्या रेघा बघितल्या. रीफचं पोट बहुधा धुरकट असतं, त्यात सलग थर फारसे दिसत नाहीत. इथे बारीक सलग रेघा होत्या. खळग्याकडे त्या हाताच्या बोटांसारख्या फाकत होत्या, दूर जाताना एकमेकींना चिकटत पातळ होत होत्या. दोन्ही उंचवट्यांत हेच, आरशात बघावं तसं. आणि खळग्याच्या तळाशी तुटक, ठळक रेघांचा एक पट्टा होता, ज्याकडे आमच्यापैकी कुणीच लक्ष दिलं नव्हतं.

यानं सगळा प्रस्तावच फिरत होता. लेव्ही मुख्यतः चिखलाची. तिच्या माथ्यावर विहीर खोदली असती तर शेकडो कोटी खर्चून चिकणमाती हाती लागली असती. तेल साठू शकेल अशी रेती असलीच तर ती पात्रात, त्या ठळक पट्ट्यात.

घरात रेंज येत नाही म्हणून गच्चीवर जाऊन सरांना फोन लावला. खाली आरतीची तयारी चालली होती. “सर, तो रीफ नाही. पिक माझंच होतं आणि ते चुकलंय,” म्हणाले आणि 720 चा आकडा सांगितला. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग त्यांनी विचारलं, “ज्या थराची उंची मोजलीस, तो उंचवट्याच्या खालूनच जातो ना? नक्की?” मी हो म्हटलं. “मग शेजारच्या लाइन बघ. पात्र असेल तर तिथेही सापडायला हवं.”

हा प्रश्न मला आदल्या रात्रीच पडायला हवा होता. लाइन म्हणजे जहाजाची एक सरळ फेरी, प्रत्येकीचा सेक्शन वेगळा. आरती झाल्यावर लॅपटॉप उघडला. दक्षिणेकडच्या पहिल्या लाइनवर उंचवट्यांची जोडी होती, पण खळगा सरळ रेषेत नव्हता, तीन किलोमीटर बाजूला होता. त्यापुढच्या लाइनवर तो उलट बाजूला सरकला होता आणि बाहेरच्या वळणाचा काठ जास्त उंच होता. चौथ्या लाइनवर खळगा रुंद आणि काठ बुटके. चारही ठिकाणचे बिंदू नकाशावर घालून जोडले, तर उतारावरून खोल समुद्राकडे वळणं घेत जाणारी रेघ निघाली.

दादा पाणी प्यायला उठला होता. स्क्रीनकडे बघून म्हणाला, “ही कुठली नदी?”

रात्री पावणेबाराला नकाशा, चारही सेक्शन आणि मोजमापाचा कागद सरांना पाठवला. विषयात लिहिलं: ‘रीफचं पिक रद्द करावं. विहिरीची जागा खळग्याच्या अक्षावर तपासावी.’