पान पाच: अर्पणपत्रिका

पुस्तक हातात आलं की माणूस मलपृष्ठ वाचतो, किंमत बघतो आणि थेट अनुक्रमणिकेवर जातो. डेडिकेशनचं पान मधल्यामध्ये उलटलं जातं. सगळ्यांत कमी शब्दांचं आणि छपाईत सगळ्यांत जास्त घोळ घालणारं पान मात्र हेच.

जागा साधारण ठरलेली. पान एकवर नुसतं पुस्तकाचं नाव, तीनवर नाव-लेखक-प्रकाशक, चारवर हक्क, आवृत्ती, मुद्रक. उजव्या हाताचं पाचवं पान अर्पणपत्रिकेचं, तिच्या पाठचं सहावं कोरं. पृष्ठांक छापत नाहीत, मोजतात. ओळी पानाच्या बरोबर मध्यावर ठेवल्या तर खाली घसरल्यासारख्या दिसतात. थोड्या वर घ्याव्यात. फॉर्म, म्हणजे एकाच कागदावर छापून घडी घातलेला पानांचा संच, सोळा पानांचा. मजकूर दोन पानं जास्त झाला की पहिली कुऱ्हाड इथंच पडते आणि आईवडील मुद्रकाच्या पत्त्याखाली जाऊन बसतात! त्यापेक्षा मनोगतातले आभार कापावेत, कुणाचं काही बिघडत नाही.

प्रुफं तपासतानाही या चार ओळींवरून नजर सरकते. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणला की ऱ्हस्व वेलांटीशेजारचा रफार उडी मारतो, ‘ऊर्मिला’ची ‘ऊमिर्ला’ होते. जिला पुस्तक अर्पण, तिचंच नाव चुकीचं. शिवाय हस्तलिखित दिल्यापासून पुस्तक येईपर्यंत वर्ष सहज जातं. तेवढ्यात ‘ती.’चं ‘कै.’ करायची वेळ येऊ शकते, म्हणून छपाईला सोडण्याआधी हे पान लेखकाला पुन्हा दाखवावं.

चार ओळींत किती मावतं हे बघायचं तर जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ उघडावी. १८७३ साली पुण्याचा हा माणूस आपलं पुस्तक अर्पण करतो अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना मुक्त करण्यासाठी केलेल्या त्यागाबद्दल. आणि आपल्या देशबांधवांनी शूद्रांच्या बाबतीत तोच कित्ता गिरवावा, अशी इच्छाही तिथंच नोंदवून ठेवतो. अर्पणपत्रिका कसली, पुस्तकाचा पहिला मुद्दाच तो. बाबासाहेबांनी ‘हू वेअर द शूद्राज?’ १९४६ मध्ये याच फुल्यांच्या स्मृतीला वाहिलं. दोन वर्षांनी आलेल्या ‘द अनटचेबल्स’वर नावं आहेत नंदनार, रविदास आणि चोखामेळा या संतांची: तमिळ मुलूख, काशी आणि मंगळवेढं एकाच पानावर.

स्वस्त पुनर्मुद्रणात हे पान गाळलेलं दिसलं, तर जुनी आवृत्ती शोधावी.