२५ ऑक्टोबरचं पान कुठवर आलंय

तारीखवार लष्करी इतिहास लावणाऱ्यांना, म्हणजे दर तारखेला एक पान देऊन त्या दिवशीच्या लढाया नोंदवणाऱ्यांना, हे ठाऊकच आहे: काही तारखांना शोधूनही धड एक चकमक सापडत नाही, आणि काही तारखांना पान पुरत नाही. २५ ऑक्टोबर या दुसऱ्या जातीतली. ॲजिनकोर्ट, बालाक्लाव्हा आणि लेतेचं आखात ही तिन्ही नावं इथेच येतात, म्हणून हे पान आधी हातात घेतलं. साल, ठिकाण, दोन्ही पक्ष, निकाल ही नेहमीची आखणी मात्र अपुरी पडली. दोन रकाने वाढवलेत: तारीख कुठल्या कॅलेंडरची, आणि घड्याळ कुठलं. निम्मा वेळ या दोन रकान्यांनी खाल्ला, आणि खरी मजाही तिथेच आली.

ॲजिनकोर्टपासून सुरुवात. इंग्लंडच्या पाचव्या हेन्रीने १४१५ च्या ऑगस्टात फ्रान्समधल्या हार्फ्लरला वेढा घातला. सप्टेंबर संपता संपता शहर पडलं, पण तोवर हगवणीने त्याचं सैन्य पोखरलं होतं. तिथून काले बंदराकडे निघालेल्या या थकल्या फौजेची वाट फ्रेंचांनी अडवली. दोन्ही अंगांना रान, मध्ये नुकतीच नांगरलेली जमीन, त्यावर रात्रभराचा पाऊस. चिलखत घातलेले फ्रेंच सरदार पायी पुढे निघाले ते चिखलात रुतत, एकमेकांना रेटत, आणि लांब धनुष्यांचा मारा झेलत. सरसेनापती शार्ल दाल्ब्रे मारला गेला, मार्शल बूसिको कैद झाला. संख्याबळाच्या रकान्यात मी एक आकडा लिहिलेला नाही. जुन्या वर्णनांत फ्रेंच कित्येक पटींनी जास्त दिसतात, तर ॲन करी या इतिहासकार पगारपत्रकं तपासून इंग्रज सुमारे ९,००० आणि फ्रेंच सुमारे १२,००० धरतात. मला कागदपत्रांवर उभा असलेला आकडा जवळचा वाटतो, पण दोन्ही ठेवलेत.

आता कॅलेंडर. १४१५ ची ही तारीख जुन्या, ज्युलियन कॅलेंडरची. आजच्या ग्रेगोरियन हिशेबाने तो दिवस ३ नोव्हेंबर ठरतो. मग २५ ऑक्टोबरच्या पानावर त्याचं काय काम? मी नियम असा केला: लढणाऱ्यांनी त्या दिवसाला जे नाव दिलं तीच तारीख मुख्य, आणि बदललेली तारीख समासात. त्या दिवशी मैदानावर प्रत्येकाच्या लेखी क्रिस्पिन संताचा दिवस होता. नंतरच्या गणिताने तो हलवायला माझं मन तयार नाही.

पण नियम एकदा केला की तो नकोशा ठिकाणीही पाळावा लागतो. १९१७ ला पेट्रोग्राडमध्ये हिवाळी राजवाड्याकडे बोल्शेविक क्रांतिकारक निघाले, ‘अरोरा’ या क्रूझरने कोरा बार काढला, ती तारीख रशियात २५ ऑक्टोबर होती आणि बाकी बहुतेक युरोपात ७ नोव्हेंबर. नियमाप्रमाणे ती या पानावर आली. लढाई म्हणून ती किरकोळच, तेव्हा चार ओळींत आटोपली. १७४७ ची केप फिनिस्टेरची दुसरी लढाई त्याहून चमत्कारिक. ॲडमिरल हॉकने आठपैकी सहा फ्रेंच युद्धनौका पकडल्या, पण ब्रिटनने अजून नवं कॅलेंडर घेतलं नव्हतं. एकाच समुद्रात, एकाच दुपारी, ब्रिटिश जहाजांवर १४ ऑक्टोबर आणि फ्रेंच जहाजांवर २५. अशा नोंदी दोन्ही पानांवर टाकून एकमेकींचा हवाला देतो.

क्रिमियन युद्धात ब्रिटिश आणि रशियन भिडले त्या बालाक्लाव्हालाही हाच प्रकार. १८५४ चा २५ ऑक्टोबर रशियनांच्या कागदपत्रांत १३ ऑक्टोबर आहे. रशियन संदर्भ चाळताना हे ध्यानात ठेवा, नाहीतर दोन वेगळ्या लढाया झाल्यासारखं वाटतं.

लढाईबद्दल सगळ्यांना ‘लाइट ब्रिगेड’ ही ब्रिटिश घोडदळाची तुकडी तेवढी आठवते. त्याच सकाळी कॉलिन कॅम्पबेलच्या ९३ व्या हायलँडर पलटणीने रशियन घोडदळ परतवलं, आणि स्कार्लेटच्या हेवी ब्रिगेडने चढावर धाव घेऊन मोठ्या रशियन घोडदळाला मागे हटवलं. दोन्ही कामगिऱ्या यशस्वी, म्हणून बहुधा विस्मृतीत. मग आली ती चिठ्ठी. टेकडीवरून ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लनला दिसत होतं, की उंचवट्यावरच्या मोर्च्यांतून रशियन लोक हस्तगत केलेल्या तोफा नेऊ पाहताहेत. त्याने घोडदळाला पुढे होऊन त्या तोफा नेऊ देऊ नका, असा हुकूम पाठवला. जनरल एअरीने तो लिहिला, कॅप्टन नोलनने नेला. खाली दरीत असलेल्या, घोडदळाचा प्रमुख लॉर्ड लुकनला त्या तोफा दिसतच नव्हत्या. दिसत होता तो दरीच्या टोकाचा रशियन तोफखाना. कोणत्या तोफा, असं विचारल्यावर नोलनने हात मोघम फिरवला, असं सांगतात. लुकन आणि लाइट ब्रिगेडचा प्रमुख कार्डिगन हे मेहुणे, पण त्यांचं आपसात पटत नव्हतं, त्यामुळे मोकळं बोलणंही झालं नाही. सुमारे ६७० स्वार दरीत घुसले. ११० च्या आसपास मेले, घोडे तर तीनशेहून जास्त गेले. नोलन सुरुवातीलाच तोफगोळ्याने गेला, त्यामुळे त्याला काय म्हणायचं होतं ते कायमचं राहून गेलं.

चिठ्ठीची भाषा चुकीची नव्हती, हे माझं मत. टेकडीवर बसून वाचली तर ती अगदी सरळ आहे. पुढच्या नोंदीसाठी हे डोक्यात ठेवा.

लेतेचं आखात. फिलिपिन्सजवळ अमेरिका आणि जपान यांच्यातली १९४४ ची ही आरमारी लढाई २३ ते २६ ऑक्टोबर अशी पसरलेली. बहुदिवसीय लढायांसाठी माझा निकष: निर्णायक घटना त्या तारखेला घडली असेल तरच पान. इथे २५ तारखेला तीन घडल्या. पहाटे सुरिगाव सामुद्रधुनीत अमेरिकेच्या ओल्डेनडॉर्फच्या आरमाराने जपानच्या निशिमुराच्या ताफ्याचा धुव्वा उडवला. विनाशिकांच्या पाणतीरांनी आधीच मोठं काम केलं होतं. मग सहा अमेरिकन युद्धनौका, त्यांतल्या पाच पर्ल हार्बरला मार खाल्लेल्या. युद्धनौका युद्धनौकेशी भिडल्याची ही शेवटची वेळ. उत्तरेला एंगान्यो भूशिराजवळ जपानच्या ओझावाच्या विमानवाहू नौका बुडाल्या, त्यांत पर्ल हार्बरवर चालून गेलेल्यांपैकी उरलेली एकमेव ‘झुइकाकू’. आणि सामारच्या किनाऱ्याजवळ ‘यामातो’सह चार युद्धनौका घेऊन जपानचा कुरिता थेट सहा छोट्या अमेरिकन विमानवाहू नौकांसमोर उभा ठाकला. त्यांच्या दिमतीला होत्या तीन विनाशिका आणि चार रक्षक नौका. ‘जॉन्स्टन’, ‘होएल’ आणि ‘सॅम्युएल बी. रॉबर्ट्स’ उलट चालून गेल्या आणि बुडाल्या. कुरिताला समोर मोठं आरमार आहे असं वाटलं आणि तो माघारी फिरला. त्याच दिवशी ‘सेंट लो’ ही छोटी विमानवाहू नौका आत्मघातकी विमानाने बुडवली.

पण कुरिता तिथवर पोचलाच कसा? अमेरिकेच्या तिसऱ्या आरमाराचा प्रमुख हॅल्सी याने आदल्या दिवशी संदेश दिला होता, की अमुक युद्धनौकांचं ‘टास्क फोर्स ३४’ बनवलं जाईल. म्हणजे गरज पडली तर. सातव्या आरमाराचा प्रमुख किंकेड आणि पॅसिफिकचा सरसेनापती निमिट्झ यांनी तो वाचून समज करून घेतला, की ते बनलं आणि कुरिताच्या वाटेवरच्या सान बर्नार्डिनो सामुद्रधुनीवर पहाऱ्याला बसलं. प्रत्यक्षात त्या युद्धनौका हॅल्सीबरोबर उत्तरेला ओझावाच्या गळाला लागून गेल्या होत्या. बालाक्लाव्हाची चिठ्ठी आणि हा संदेश मी पानावर शेजारी शेजारी चिकटवलेत. दोन्ही लिहिणाऱ्याच्या जागेवरून स्पष्ट, वाचणाऱ्याच्या जागेवरून भलतेच.

यानंतरचा किस्सा आपल्या मंडळींत बराच फिरतो. निमिट्झने हॅल्सीला विचारलं, टास्क फोर्स ३४ कुठे आहे? सांकेतिक लिपीत संदेशाच्या दोन्ही टोकांना निरर्थक भरणा घालायची पद्धत होती. शेवटचा भरणा होता, ‘जग नवल करतंय’. हॅल्सीच्या जहाजावर पुढचा भरणा काढला, मागचा तसाच राहिला. हॅल्सीला तो टोमणा वाटला, त्याने टोपी फेकली, आणि मग तासाभराहून जास्त वेळाने युद्धनौका दक्षिणेकडे वळवल्या. ना धड इथे, ना धड तिथे. हे शब्द टेनिसनच्या लाइट ब्रिगेडवरच्या कवितेतल्या ओळीशी जुळतात, आणि दिवस बालाक्लाव्हाचा ९० वा वर्धापनदिन. लिहिणाऱ्या अधिकाऱ्याला तो आठवला असणार, असं बरेच जण म्हणतात.

इथे घड्याळाचा रकाना कामी आला. हॅल्सीला संदेश मिळाला तेव्हा फिलिपिन्समध्ये २५ तारखेचे सकाळचे दहा वाजत होते. निमिट्झचं मुख्यालय हवाईत, आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या पलीकडे. तिथे तेव्हा २४ ऑक्टोबरची दुपार होती. संदेशावर शिक्का ग्रीनिच वेळेचा पडतो, त्यात २५ तारीख येते, तेव्हा अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर २५ असू शकते. भिंतीवरच्या कॅलेंडरात मात्र नाही. कवितेची ओळ कानात बसलेली असणं मला पटतं, वर्धापनदिनाचा भाग पटत नाही. पानावर तो ‘दंतकथा’ या खुणेखाली टाकलाय.

बाकीच्या नोंदी पटापट. १८१२ ला अमेरिकेच्या ‘युनायटेड स्टेट्स’ने, कॅप्टन डेकेटर, ब्रिटिश ‘मॅसेडोनियन’ पकडली. १९८३ ला अमेरिकेने ग्रेनाडावर चढाई केली. १९५० ची नोंद जास्त बोलकी: चिनी फौजा १९ ऑक्टोबरपासूनच कोरियाच्या सीमेवरची यालू नदी ओलांडत होत्या, पण कोरियात उतरल्याचा स्मरणदिन चीन २५ ऑक्टोबरला पाळतो, कारण पहिली मोठी चकमक त्या दिवशी झाली. म्हणून ‘पाळलेली तारीख’ असा तिसरा रकानाही आखलाय, पण तो अजून बहुतेक रिकामा आहे.

पुढचं पान ७ डिसेंबरचं. त्यात घड्याळाचा रकाना सगळ्यात जास्त भरणार, कारण मलायात कोटा भारूला जपानी सैनिक उतरले ते पर्ल हार्बरच्या हल्ल्याच्या साधारण तासभर आधी, आणि तरी ती नोंद ८ डिसेंबरच्या पानावर जाते.