हाक मारली ती हॅमिशला

एडिनबरात लेकाच्या नर्सरीत दाराशी खुंट्या आहेत. प्रत्येक खुंटीवर चिखलाने बरबटलेला एक रेनकोट आणि खाली चिठ्ठीवर नाव. साताऱ्याहून आलेली माझी आई रोज ती नावं वाचते. जन्मभर संस्कृत शिकवलेली बाई, त्यामुळे प्रश्न ठरलेला : "अर्थ काय गं?"

थिओडोर म्हणजे देवाने दिलेला. "अगं, म्हणजे आपला देवदत्तच!" जॉर्ज म्हणजे शेतकरी. ब्रिटनच्या सहा राजांचं नाव आणि अर्थ शेतकरी, हे तिला फार आवडलं. कॅलम म्हणजे कबुतर म्हटल्यावर मात्र तिचा चेहरा पडला. घरच्या गॅलरीची दशा डोळ्यांपुढे आली असणार. संत कोलंबांनी 563 साली आयोना बेटावर मठ काढला, त्यांच्याच नावाचं हे गेलिक, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतलं रूप, असं सांगितल्यावर कबुतराला माफी मिळाली.

कॅलमच्या आईला अर्थ ठाऊकच नव्हता. "माझ्या वडिलांचं नाव आहे," एवढंच म्हणाली. जुन्या स्कॉटिश रिवाजात पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. आम्ही पहिल्यालाच आईच्या वडिलांचं दिलं, वसंत. इथे 21 दिवसांत जन्मनोंदणी करावी लागते. बाराव्या दिवशी बारसं करणाऱ्यांना त्याची कसली धास्ती!

टेडी आणि आर्ची ही लाडाची नावं दाखल्यावरही तशीच असतात. म्हणजे आपल्याकडे बंड्या असं दाखल्यावर लिहिण्यातलाच प्रकार.

पण आई खरी रमली ती हॅमिशपाशी. जेम्सचं गेलिक रूप शेमस. गेलिकमध्ये हाक मारताना सुरुवातीच्या 'श'चा 'ह' होतो आणि शेवटच्या 'स'चा 'श'. इंग्रजी बोलणाऱ्यांनी ती हाक ऐकली आणि तेच नाव समजून उचललं : हॅमिश.

"म्हणजे संबोधन विभक्तीच नाव होऊन बसली!" आई नर्सरीच्या दारातच इतक्या मोठ्याने म्हणाली की दोघी-तिघी वळून बघायला लागल्या. मग तिने आत हाक मारली, "वसंता, चल रे बाळा!"

दोन आठवडे ती रोज अशीच हाक मारत होती. सोमवारी खुंटीखालची चिठ्ठी बदललेली दिसली. ठळक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं : वसंता.